आकाश एवढं मोठं, तरी विमानं एकमेकांवर आदळतात कशी? (मुरैना, २८ जानेवारी २०२३)

गणेशपूरकर | २८ जानेवारी २०२५, रात्री ९:१५

आज दोन वर्षं झाली. त्या शनिवारी मी पुण्यात होतो. टीव्हीवर आधी बातमी आली की राजस्थानात भरतपूरजवळ खासगी चार्टर विमान पडलं. पाठोपाठ मध्य प्रदेशातून मुरैनाची बातमी. बराच वेळ कुणालाच नीट सांगता येईना की एकूण विमानं पडली किती, दोन की तीन. मग हळूहळू उलगडलं. ग्वाल्हेरहून उडालेलं एक सुखोई-३० आणि एक मिराज-२०००, दोन्ही हवाई दलाची लढाऊ विमानं, नेहमीचा सराव, आणि हवेत टक्कर. काही अवशेष मुरैनातल्या पहाडगढच्या जंगलात, काही थेट भरतपूर जिल्ह्यात. सुखोईतले दोघे इजेक्ट होऊन पॅराशूटने उतरले, गावकरी धावत गेले, त्यांना आधार देऊन बसवलं. मिराजमध्ये एकच वैमानिक होते. ते गेले.

संध्याकाळी बेळगावहून आईचा फोन. "ऐकलास काय रे? मिराजमधला तो आपल्या गणेशपूरचा."

विंग कमांडर हनुमंतराव सारथी. वडील लष्करातून निवृत्त, भाऊ हवाई दलातच. आईची त्यांच्या घरी ओळख नव्हती, पण गाव म्हटलं की माणूस आपला होतोच. ती दोन दिवस तेच बोलत होती. मग एकदा म्हणाली, "आकाश एवढं मोठं, रस्ता नाही, वळण नाही, सिग्नल नाही. तिथं आदळतात कशी रे?"

मी काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेली. आज परत तिने तारीख आठवून विचारलं, म्हणून हा धागा. इथे हवाई दलातली, ओझरची, परदेशातली मंडळी आहेत. आईला वाचून दाखवता येईल असं लिहा. कुठल्या सरकारच्या काळात किती विमानं पडली हा हिशेब कृपया दुसरीकडे.

गोट्या_अस्सल | रात्री ९:३२

पायलटची चूक, दुसरं काय. रडार असतं, रेडिओ असतो, तरी धडकले. कुणाचं तरी लक्ष नव्हतं.

खडूस काकू | रात्री ९:४०

गोट्या, तुझ्या स्कूटरला दोन आरसे आहेत. मागच्या आठवड्यात कर्वे रोडवर तू कुणाला ठोकलंस ते इथेच लिहिलं होतंस. लक्ष कुठे होतं तेव्हा?

वाचतेय. गणेशपूरकर, आईंना नमस्कार सांगा.

त्रिज्या | रात्री १०:२०

आईंच्या प्रश्नाला एक भूमितीचं उत्तर आहे. मी शाळेत गणित शिकवते, तेव्हा सहन करा.

दोन लढाऊ विमानं समोरासमोर येताहेत. प्रत्येकाचा वेग ताशी ९०० किलोमीटर, म्हणजे ही विमानं फार घाईत नाहीत. दोघांतलं अंतर ताशी १८०० किलोमीटरने कमी होतंय. सेकंदाला अर्धा किलोमीटर. पाच किलोमीटरवर असताना हातात उरतात दहा सेकंद.

आता डोळ्यांचं बघा. मिराजच्या पंखांची एकूण रुंदी साधारण ९ मीटर. पाच किलोमीटरवरून ते किती दिसेल? हात पूर्ण लांब करून बोटांच्या चिमटीत मोहरीचा दाणा धरा. तेवढं. दोन सेकंद उरतात तेव्हा तुरीच्या दाण्याएवढं. आणि ही पंखांची रुंदी झाली. समोरून पाहिलं तर पंख म्हणजे एक बारीक रेघ, खरं दिसायचं ते मधलं धड, म्हणजे त्याहून कितीतरी लहान.

अमेरिकेच्या नागरी विमान खात्याने वैमानिकांसाठी एक आकडा दिलेला आहे: काहीतरी दिसणं, ते विमान आहे हे ओळखणं, ते आपल्यावरच येतंय हे कळणं, काय करायचं ते ठरवणं, हात हलणं आणि विमानाने वळायला सुरुवात करणं, या सगळ्याला मिळून १२.५ सेकंद. वरच्या हिशेबात आपल्याकडे दहाच होते.

पण सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच आहे. जे विमान आपल्याला धडकणार नसतं, ते काचेवर सरकताना दिसतं, डावीकडून उजवीकडे किंवा वर-खाली. हलणाऱ्या गोष्टीकडे डोळा आपोआप जातो. जे विमान सरळ मार्गाने आपल्याशी धडकणार असतं, ते काचेवर एका जागी स्थिर दिसतं. कोन बदलतच नाही. काचेवरच्या डागासारखा एक ठिपका, जागचा हलत नाही, फक्त मोठा होतो. आणि तो मोठा होणंही शेवटच्या दोन-तीन सेकंदांतच जाणवण्याइतकं होतं. बोटीवरच्या लोकांना हे शतकानुशतकं ठाऊक आहे.

(मुरैनात नेमकं काय झालं याचा हा हिशेब नाही. तिथे कोण कुठल्या दिशेने येत होतं हे मला सांगता येणार नाही. 'एवढ्या मोठ्या आकाशात' या शब्दांपुरतं लिहिलं.)

गोट्या_अस्सल | रात्री १०:३१

मोहरीचा दाणा धरून बघितला. चश्मा काढून तर दाणाच दिसला नाही. शब्द मागे घेतो.

पण मग प्रवासी विमानांत ते यंत्र असतं ना, 'वर जा, वर जा' सांगणारं? ते यांच्यात का नाही बसवत?

ओझरवाला | रात्री ११:०५

मी एचएएलमध्ये होतो, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीत, ओझरला. भारतातली बहुतेक सुखोई-३० एमकेआय नाशिकच्या याच कारखान्यात जुळली, त्यामुळे त्या बातमीने आमच्या कॉलनीतही त्या दिवशी कुणाला जेवण गेलं नाही. मरण पावलेले मिराजमधले असले तरी.

ते यंत्र म्हणजे टीकॅस. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर सौदी अरेबियाचं ७४७ आणि कझाकस्तानचं इल्युशिन-७६ आदळलं, ३४९ माणसं गेली, त्यानंतर आपल्याकडे ते सक्तीचं झालं. प्रवासी विमानाचं काम म्हणजे दुसऱ्यापासून लांब राहणं. कुणी जवळ आलं की ओरडणारं यंत्र तिथे बरोबर आहे.

लढाऊ विमानाचं कामच जवळ जाणं. समोरच्याच्या मागे लागायचं, त्याच्या वळणाच्या आत वळायचं. टीकॅस बसवलं तर ते पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत बोंबलत राहील आणि वैमानिक आधी त्याचंच बटण बंद करेल. म्हणून तिथे यंत्राऐवजी नियम असतात. प्रत्येक विमानाभोवती एक अदृश्य फुगा मानायचा, अमेरिकी हवाई दलात तो ५०० फुटांचा आहे, आणि सरावात त्या फुग्यात कुणी शिरायचं नाही. एकमेकांवरची नजर सुटली तर लगेच रेडिओवर सांगायचं. कुणालाही, अगदी सगळ्यात ज्युनियरलाही, खेळ थांबवायचा अधिकार असतो, आणि थांबवल्याबद्दल कुणी त्याला बोल लावत नाही.

पण ५०० फूट म्हणजे दीडशे मीटर. त्रिज्याताईंच्या हिशेबाने सेकंदाचा तिसरा हिस्सा.

यंत्रांचं म्हणाल तर अमेरिकेने २०१४ पासून एफ-१६ मध्ये जमिनीवर आदळण्यापासून वाचवणारी स्वयंचलित व्यवस्था बसवली, आणि तिने वैमानिकांचे जीव वाचवलेही. जमीन मात्र हलत नाही. हलणाऱ्या आणि मुद्दाम चकवणाऱ्या दुसऱ्या विमानापासून वाचवणं फार अवघड.

मुरगावकार | २९ जानेवारी, सकाळी ७:५०

आमच्या गोव्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. १ ऑक्टोबर २००२, मंगळवार. दाबोळीला नौदलाच्या ३१५ स्क्वाड्रनला पंचवीस वर्षं झाली म्हणून सोहळा. दोन इल्युशिन-३८ शेजारी शेजारी उडत होती आणि एकमेकांना लागली. दोन्हींतले मिळून बारा जण गेले, एकही वाचला नाही. खाली वस्तीतही माणसं मेली.

मी तेव्हा वास्कोला नववीत होतो. आम्हाला वाटलं खाणीचा सुरुंग. मग बाईंनी खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी गांधी जयंतीची सुट्टी, घरी बसून सगळा दिवस रेडिओ. आमच्या बिल्डिंगीत नौदलाची दोन कुटुंबं राहायची. त्यातलं एक दार दिवसभर उघडं होतं, आत माणसंच माणसं. कुणीच बोलत नव्हतं, फक्त कुकरची शिटी. एवढ्या माणसांना जेवायला लागणार म्हणून शेजारच्या कोणीतरी भात लावला होता. आजही तशी शिटी झाली की मला ते दार आठवतं.

नौदलाकडे ही विमानं होती एकूण पाच. त्यातली दोन वाढदिवसाच्या दिवशी गेली.

चिकित्सक | सकाळी ८:१५

दुःखद. पण इल्युशिन-३८ हे पंख्याचं विमान आहे, जेट नव्हे. धाग्याचा विषय लढाऊ जेट.

खडूस काकू | सकाळी ८:१७

चिकित्सक, गप्प बसा.

राईनकाठी | दुपारी १:३०

मी जर्मनीत कायझरस्लाउटर्नजवळ राहते. इथून रामश्टाइनचा अमेरिकी तळ दिसण्याइतका जवळ आहे. २८ ऑगस्ट १९८८ ला तिथे हवाई कसरती चालू होत्या. इटलीच्या फ्रेचे त्रिकोलोरी या दलाची नऊ विमानं आकाशात हृदयाची आकृती काढायची आणि एकटं दहावं विमान बाणासारखं त्यातून आरपार जायचं. ते एकटं विमान वेळेच्या किंचित आधी, किंचित खाली आलं. तीन विमानं आदळली, आणि ते एकटं प्रेक्षकांच्या दिशेने येत होतं. तिन्ही वैमानिक धरून ७० माणसं गेली, शेकडो भाजली.

माझी घरमालकीण तेव्हा इथल्या दवाखान्यात परिचारिका होती. अमेरिकन आणि जर्मन रुग्णवाहिकांमधल्या सलाइनच्या नळ्या एकमेकींना बसत नव्हत्या, हे ती आजही सांगते, आणि सांगताना दोन बोटांनी नळी जोडून दाखवते. माणसं कुठल्या दवाखान्यात नेली याचा मेळ रात्रीपर्यंत लागत नव्हता. तेव्हापासून नियम बदलले: कसरत करणाऱ्या विमानाचं तोंड प्रेक्षकांकडे नको, मधे अंतर जास्त हवं. आज आपण एअर शोला जातो तेव्हा दोरी एवढी लांब का बांधलेली असते, त्याचं एक कारण ते हृदय.

मला प्रश्न पडतो, लढाईचा सराव समजू शकते. पण हृदय काढायला?

विमानवेडा_लोहगाव | दुपारी २:१०

@राईनकाठी, त्याहून वाईट सांगू? फोटोसाठी. ८ जून १९६६, कॅलिफोर्निया. अमेरिकेचं अवाढव्य एक्सबी-७० बॉम्बर आणि त्याच्याभोवती चार लहान विमानं, पाचही विमानांची इंजिनं जनरल इलेक्ट्रिकची, आणि कंपनीला जाहिरातीसाठी सगळ्यांचा एकत्र फोटो हवा होता. फोटो काढून झाले. त्या चारांतलं एफ-१०४ बॉम्बरच्या पंखाच्या टोकाजवळ होतं. मोठ्या विमानाच्या पंखाच्या टोकाशी हवेचा भोवरा तयार होतो, त्याने ते उलटं करून वर फेकलं. बॉम्बरच्या शेपटीचे उभे दोन पंख उडाले. एफ-१०४ मध्ये जो वॉकर होता, एक्स-१५ हे रॉकेट-विमान उडवलेला माणूस. तो जागीच गेला, बॉम्बरमधला सहवैमानिक कार्ल क्रॉस गेला, बॉम्बरचा मुख्य वैमानिक अल व्हाइट जखमी होऊन वाचला.

आणि आपल्याकडे बंगळुरूजवळचं येलहंका, १९ फेब्रुवारी २०१९. एअरो इंडिया हा एअर शो दुसऱ्या दिवशी सुरू होणार, हवाई दलाच्या सूर्यकिरण या कसरती पथकाचा सराव. दोन हॉक आदळली. विंग कमांडर साहिल गांधी गेले, दोघे वाचले. त्यातले एक विंग कमांडर विजय शेळके.

मी लोहगावला राहतो. सकाळी सुखोई उडाली की आमच्या गॅलरीतली काच थरथरते. सोसायटीत दर मीटिंगला एक काका आवाजाची तक्रार मांडतात. मुरैनानंतरच्या मीटिंगला मात्र त्यांनी तो विषय काढला नाही. पुढच्या मीटिंगला काढला.

फिटर काका | रात्री ८:४५

बरेच दिवसांनी लॉगिन केलं, नातवाने पासवर्ड शोधून दिला.

मी हवाई दलात एअरमन होतो. १९८१ ला बेळगावलाच, सांबऱ्याला ट्रेनिंग झालं. गणेशपूरकर, तुमच्या गावचं पाणी प्यालो आहे. तिथला कुंदा अजून मागवतो.

हृदय कशाला काढतात, तर त्याचं उत्तर आमच्या चीफने दिलं होतं तेवढंच मला ठाऊक. कसरतीत शेजारच्या विमानाचा पंख पाचेक मीटरवर असतो. तो वैमानिक पुढे बघतच नाही. लीडरच्या पंखाच्या टोकाचा दिवा आणि धडावरची एखादी खूण एका रेषेत धरायची आणि ती रेष मोडू द्यायची नाही, बस. लीडर डोंगरात गेला तर तोही डोंगरात जाणार. असा भरवसा कागदावर शिकवता येत नाही. ढगातून, रात्री, युद्धात घरी यायचं तर हेच लागतं. लोक टाळ्या वाजवतात तो भाग वरचा.

आता 'पायलटची चूक'. संसदेच्या स्थायी समितीने डिसेंबर २०२४ मध्ये आकडे दिले आहेत, २०१७ ते २०२२ हवाई दलाचे ३४ अपघात, त्यातले १९ मानवी चुकीचे. गोट्याने ते वाचले असतील. पण 'मानवी चूक' हा शब्द जिथे संपतो तिथून खरी चौकशी सुरू होते. रात्री झोप झाली होती का? ब्रीफिंगला कुणी प्रश्न विचारायचा राहिला का? सूर्य कुठल्या बाजूला होता? दोन वेगळ्या जातीची विमानं, एक मोठं, एक लहान, एक अमुक वेगाला छान वळतं, दुसरं तमुक वेगाला. डोळा ज्या विमानाला सरावला त्यावरून अंतर मोजतो. मोठं विमान जवळ वाटतं, लहान लांब वाटतं. लहान खरंच लांब असतं असं नाही.

मी उडत नव्हतो. मी खाली उभा राहायचो. तेवढं सांगू शकतो.

विमान गेलं की जागेवर काय उरतं ते सांगतो. चाकांना लावायचे चॉक्स, शिडी, आग विझवायचा बाटला, आणि इनटेकची, म्हणजे इंजिनात हवा शिरते त्या तोंडाची, लाल झाकणं. आम्ही ती झाकणं एकावर एक रचून त्यावर बसायचो, बसायचं नसतं तरी. एका तळावर, नाव लिहीत नाही, एका दुपारी दोन गेली आणि एक आलं. जे आलं ते वेळेच्या आधी आलं. आमच्यातला कुणीच उठला नाही. आवाजावरूनच कळतं एक आहे की दोन. वैमानिक उतरला, हेल्मेट काढलं नाही, सरळ चालत गेला. दहा मिनिटांत एक ऑफिसर आले आणि जे आलं नाही त्याचा फॉर्म ७०० ताब्यात घेतला. त्यात सकाळी विमान ठीक आहे म्हणून सही असते. माझी होती. कपाटाला सील. माझ्या पान्यांची पेटीसुद्धा मोजून घेतली, एकही पाना कमी नव्हता. मी तो हिशेब त्या रात्री खाटेवर पडून किती वेळा केला असेल. सोळा पाने. सोळा.

पुढे कोर्ट ऑफ इन्क्वायरीत माझा जबाब अर्धा तास झाला. निकाल काय लागला ते मला आजतागायत कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मशीन ठीक होतं एवढं माझ्यापुरतं मला कळलं, कारण मला परत बोलावलं नाही.

त्रिज्या | रात्री ९:१०

काका, हे मला पटत नाही. तुम्हालासुद्धा कळू नये? मुरैनाची कोर्ट ऑफ इन्क्वायरी नेमली, आपण बातमी वाचली, पुढे सामान्य माणसाच्या हाती काय? अमेरिकेत दोन चौकश्या होतात असं वाचलंय. एक गुप्त, जिथे माणसाने मोकळेपणी चूक कबूल करावी, ती त्याच्याविरुद्ध वापरत नाहीत. दुसरी वेगळी, तिचा अहवाल लोकांसमोर येतो. दोन्ही गोष्टी साधतात. आपल्याकडे एकच आणि तीही बंद कपाटात.

ओझरवाला | रात्री ९:२५

ताई, बंद असण्याला कारण आहे. सरावाचे डावपेच त्यात असतात. ग्वाल्हेरला हवाई दलाची डावपेच शिकवणारी संस्था आहे, टॅकडी. तिथलं सगळं छापून कसं चालेल?

त्रिज्या | रात्री ९:३१

डावपेच काळ्या पट्टीने झाका. 'नजर सुटली होती आणि सांगितलं नव्हतं' एवढं एक वाक्य छापलं तर शत्रूला काय मिळणार? आणि जो पंचवीस वर्षांचा पोरगा उद्या उडणार आहे त्याला बरंच काही मिळेल.

ओझरवाला | रात्री ९:५२

त्या पोराला मिळतं हो. आतल्या आत सगळ्या स्क्वाड्रनांना धडे जातात. मिळत नाही ते तुम्हाला आणि मला. आणि फिटर काकांना. हा तुमचा मुद्दा मात्र बरोबर आहे.

चिकित्सक | रात्री १०:०५

धाग्यात कुणी 'शहीद' लिहिलं नाही, बरं वाटलं. सेनादलांच्या अधिकृत भाषेत तो शब्दच नाही, सरकारने संसदेतही तसं सांगितलं आहे. लढाईत गेला तर 'बॅटल कॅज्युअल्टी', अशा अपघातात गेला तर बहुधा 'फिजिकल कॅज्युअल्टी'. पुढचे लाभ त्यावरून ठरतात.

खडूस काकू | रात्री १०:११

चिकित्सक, या वेळी गप्प बसा म्हणत नाही. हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

गणेशपूरकर | ३० जानेवारी, रात्री ८:२०

सगळ्यांचे आभार. आईला फोनवर अख्खा धागा वाचून दाखवला. मोहरीच्या दाण्याशी तिने थांबवलं, स्वयंपाकघरात जाऊन खरंच दाणा धरून बघून आली. म्हणाली, "एवढासा?" मग बराच वेळ काही बोलली नाही. गेल्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये दोन राफेल आदळून दोघे गेले, तेही सांगितलं. म्हणजे चांगलं विमान असलं तरी होतं, एवढं तिच्या लक्षात आलं.

गोव्याच्या कुकरवर तिने मुरगावकारांना विचारायला सांगितलंय की भात कुणी लावला होता ते नंतर कळलं का.

आणि फिटर काका, तुमच्यासाठी प्रश्न आहे. त्या शिडीचं पुढे काय झालं?

मुरगावकार | रात्री ९:०५

नाही कळलं. आई म्हणते तिने नाही लावला. समोरच्या म्हणतात त्यांनीही नाही.

फिटर काका | ३१ जानेवारी, सकाळी ६:१०

शिडीवर विमानाचा नंबर रंगवलेला असायचा. दुसऱ्या दिवशी पेंटर आला, जुना नंबर घासून काढला, नवा घातला. रंग ओला होता म्हणून पहिल्या सॉर्टीला, म्हणजे उड्डाणाला, आम्ही ती वापरली नाही, शेजारच्याची आणली. दुसऱ्या सॉर्टीला लावली.